डोळ्यांदेखत फोडून मिळेल

जावईबापूंना कामाची आवड एकाएकी लागली, ही काही आनंदाची गोष्ट नव्हती. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून स्वतःचा चहाचा कप उचलून कधी मोरीत ठेवला नाही, तो दुकानाचं शटर वर करायला आत्याच्या आधी हजर राहू लागला, तर सासूने हरखून जायचं की घरातली भांडी मोजायची? आत्याने भांडी मोजली नाहीत. पण एक डोळा ठेवला. दुसऱ्यात मोतीबिंदू होता.

"आई, तुम्ही बसा बरं," ते म्हणायचे. "हातोडा द्या इकडे. या वयात खांदा निखळला म्हणजे?"

"खांदा माझा, आणि कळ तुम्हाला?"

"आता तुमचं-आमचं काय वेगळं आहे?"

हे ऐकल्यावर तर आत्याला धसकाच बसला. जावयाच्या तोंडी 'तुमचं-आमचं एकच' आलं की खुशाल समजावं, आपलं काहीतरी कमी होणार आहे.

एवढ्यावर भागलं नाही. जावईबापूंनी ऐरणीपुढे छातीएवढा पत्र्याचा आडोसा उभा केला. कशासाठी, तर फोडताना उडालेला तुकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जाऊ नये. आत्या इतकी वर्षं फोडत आली होती, कुणाचा डोळा गेला नव्हता. पण काळजीपोटी केलेल्या गोष्टीला नाही म्हणणं फार अवघड. घ्यावी तर ओझं होतं, नाकारावी तर आपणच वाईट ठरतो. आणि खोटं कशाला बोला, आत्याला आतून बरंही वाटलं. थकली होती ती. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा गुडघ्यांची समजूत काढावी लागायची, मग कंबरेची, आणि या सगळ्यांना घेऊन दुकानात पोचेपर्यंत दिवसाचा अर्धा दम संपलेला असायचा. तिने हातोडा दिला, खुर्ची दाराशी ओढली आणि बसली.

दुकान म्हणजे जुन्या, मेलेल्या कॉम्प्युटरांचं. कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून, घरांतून माणसं ते आणून टाकायची. इथे त्यांची पोटं फाडायची, तांब्याच्या तारा एका पोत्यात, पंखे दुसऱ्यात, सर्किटच्या हिरव्या पाट्या तिसऱ्यात, राहिलेला पत्रा भिंतीला टेकवून ठेवायचा. लेक मागच्या अंगाला बसून तारा सोलायची. तिची बोटं कायम काळी असायची आणि तोंड कायम मिटलेलं. आत्याला गल्लीतला लहानथोर 'आत्या' म्हणायचा. सख्खा भाऊ तिला एकही नव्हता, पण भाचवंडं शेकड्यांनी.

आता सगळ्या भंगारवाल्यांकडे हेच चालतं. मग लोक आत्याकडेच का यायचे? डिस्कसाठी. कॉम्प्युटरच्या पोटात एक चपटी, जड डबी असते, माणसाने लिहिलेलं, काढलेलं, जपलेलं सगळं तिच्यात. बाकीचे भंगारवाले ती डबी काढून पोत्यात टाकायचे आणि पुढे विकायचे. आत्या ती गिऱ्हाइकासमोर ऐरणीवर ठेवायची, हातोड्याने फोडायची, आतल्या आरशासारख्या चकत्या वाकवून, चेचून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. बघा, म्हणायची, गेलं तुमचं. माणूस त्या चकतीकडे बघायचा, त्यात आपलं वेडंवाकडं तोंड बघायचा आणि हलका होऊन घरी जायचा. एकदा एक हिशेबनीस तर फोडलेली चकती हातात घेऊन बराच वेळ उभाच राहिला होता. "आत्या," तो म्हणाला, "माझ्या साहेबाचं काळंबेरं यात होतं. आज गाढ झोप लागेल." आत्या म्हणाली, "तुम्हाला की साहेबाला?"

आत्याची शाळा म्हणजे पाटी फुटली त्या दिवशी सुटली. पण दुकानावरच्या फळीवर काय लिहायचं ते तिनेच सांगितलं होतं, आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून लिहून घेतलं होतं: डोळ्यांदेखत फोडून मिळेल. भाव ती इतरांपेक्षा कमीच द्यायची. तरी लोक तिच्याकडे यायचे, आणि याची तिला घमेंड होती. असायला काही हरकतही नव्हती. कष्टाने मिळवलेली घमेंड होती ती.

मग लांब कुठेतरी, जिथे या डिस्क बनतात, तिथला मोठा कारखाना बंद पडला. आग लागली म्हणे. जो माल तयार होता तो जहाजांत अडकून बसला. आत्याला ना तो देश माहीत, ना समुद्र. पण झळ तिच्या गल्लीपर्यंत आली. कोपऱ्यावर नवे कॉम्प्युटर विकणारा दुकानदार डोक्याला हात लावून बसू लागला. "आत्या, सकाळी सांगितलेला डिस्कचा भाव संध्याकाळी वाढवून सांगितला तर गिऱ्हाईक मला खोटारडा म्हणतं," तो म्हणायचा. "आणि सकाळचा भाव दिला तर बायको मूर्ख म्हणते."

"बायकोचं ऐका," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक बदलता येतं."

हसण्यावारी नेलं, पण दुकान सुकत चाललं. नवं परवडेना, म्हणून कुणी जुनं टाकेना. जो कॉम्प्युटर एरवी कधीच भंगारात आला असता, त्याला लोक ठिगळं लावून चालवू लागले. तारांची पोती भरायला महिनेच्या महिने लागू लागले. जागेच्या मालकाने मात्र भाडं वाढवलं. त्याचा कुठला कारखाना जळाला होता देव जाणे. आणि दुकानात येणाऱ्या थोड्याथोडक्या मालात ज्याला सोन्याचा भाव आला होता ती एकच वस्तू होती, आणि तीच आत्या रोज हातोड्याने फोडत होती.

एक टोपीवाला फेऱ्या मारू लागला. स्कूटरला मागे प्लास्टिकचा क्रेट बांधलेला, डोक्यावरची टोपी सावलीतही निघायची नाही.

"आत्या, फोडू नका. अख्खी द्या. फोडलेली काय, पत्र्याच्या भावात जाते. अख्खीला तुम्ही म्हणाल तो भाव."

"आणि आतलं?"

"आतलं आम्ही पुसतो की."

"कशानं? फडक्यानं?"

"आत्या, मशीन असतं त्याला."

"हे बघ," आत्या म्हणाली, "माझ्याकडे माणसं लोखंड विकायला येत नाहीत. लोखंड कुणीही घेतं. माझ्याकडे ती निर्धास्त व्हायला येतात. तू ते विकत घेणार असशील तर बोल."

टोपीवाला हसला आणि गेला. जावईबापू त्याला स्कूटरपर्यंत पोचवायला गेले. माणुसकी, दुसरं काय.

त्या दुपारी तारा सोलता सोलता लेक म्हणाली, "आई, राग मानू नकोस. पण आपण रोज आपल्याच अन्नात माती कालवतोय."

"माती माझी आहे, पोरी. मला पचते."

लेक पुढे बोलली नाही. आत्याला वाटलं, पटलं तिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत जावईबापूंना कामाची आवड लागली, पत्र्याचा आडोसा उभा राहिला, आणि हातोडा त्यांच्या हातात गेला. दुकानाला जरा बरे दिवस आले. भाडं वेळेवर गेलं. आत्याच्या गुडघ्यांवर डॉक्टरने लिहून दिलेली महागडी औषधं, जी ती चिठ्ठीतच ठेवून होती, ती घरात आली. आत्याने विचारलं, "कुठून?" जावईबापू म्हणाले, "तांबं चढलंय." तांबं खरंच थोडं चढलं होतं. थकलेल्या माणसाला एवढं उत्तर पुरतं.

मग एके दिवशी दुपारी भरतकामवाली आली.

ही बाई मशीनवर भरतकाम करायची. शाळांचे बिल्ले, शर्टांच्या खिशांवर कंपन्यांची नावं, हॉटेलांच्या टॉवेलांवर कमळं नि राजहंस. तिने आपला जुना कॉम्प्युटर काही आठवड्यांपूर्वी आत्याकडे टाकला होता आणि आडोशापलीकडून डिस्क फुटल्याचा आवाज ऐकून गेली होती. आज ती धापा टाकत आली, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, आणि आल्या आल्या तिने आत्याच्या गळ्यातच हात टाकले. आत्याला गळ्यात पडणारी माणसं आवडत नाहीत. घाम तिच्याही अंगाला होता आणि हिच्याही.

"आत्या, तुमचे उपकार मी फेडू कशी?"

"आधी सोडा. मग फेडा."

भरतकामवाली खुर्चीवर बसली आणि सांगू लागली. तिच्या भाच्याने सगळं नव्या कॉम्प्युटरवर घेतलं म्हणून सांगितलं होतं. म्हणूनच तिने जुना टाकला. पुढच्या आठवड्यात शाळेची मोठी ऑर्डर आली, तिने डिझाइन उघडायला घेतलं तर आत काही नाही. "भाच्यानं घेतलं काय, तर नुसती चित्रं. पडद्यावर दिसतात ना ती बारकी बारकी चित्रं, तीच उचलून नेली त्यानं. दाबलं की रिकामं. दारं नेली, आत्या, आणि घर जुन्या जागीच ठेवलं. वीस वर्षांचं माझं काम. मी तीन दिवस जेवले नाही."

"भाचा जेवला?"

"तो कशाला उपाशी राहतोय. आणि परवा एका परगावच्या माणसाचा फोन. म्हणतो, बाई, मी स्वस्तात एक डिस्क घेतली, तर तिच्यात सगळे बिल्ले नि राजहंस. माझ्या प्रत्येक डिझाइनच्या कोपऱ्यात माझं नाव नि नंबर असतो ना. बिचारा इतका भला, सगळं परत पाठवून दिलं त्यानं." तिने डोळे पुसले. "आत्या, तुम्ही माझी डिस्क फोडलीच नव्हती. नुसतं फोडल्यासारखं केलंत. तुम्हाला कसं हो कळलं, की ती मला लागणार?"

आत्याने मान वळवली नाही. आडोशामागे जावईबापू स्क्रू काढत होते, ते थांबले. मागच्या अंगाला लेकीची पक्कड थांबली.

आता इथे दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे जावयाची झडती घेतली असती. पण घरचं धुणं गिऱ्हाइकाच्या अंगावर झटकायचं नसतं. आत्या म्हणाली, "बसा. चहा घेऊन जा."

भरतकामवालीने कागद उघडला. आत एक पांढरी उशीची खोळ होती आणि तिच्यावर निळा राजहंस, बारीक टाक्यांचा, पंखाचं एकेक पीस वेगळं. आत्याने आपलं खरखरीत बोट त्याच्यावरून फिरवलं. इतकं सुंदर काम तिच्या हातात क्वचितच यायचं. तिच्याकडे येणाऱ्या वस्तू फोडायच्याच असायच्या.

"आता मी सगळ्या गल्लीत सांगणार," भरतकामवाली उठता उठता म्हणाली, "आत्याकडे गेलेलं वाया जात नाही म्हणून."

ती गेली. आत्याने खोळ नीट घडी करून मांडीवर ठेवली.

"या पुढे," ती म्हणाली.

जावईबापू आडोशातून बाहेर आले. त्यांचे कान लाल झाले होते.

"कसं करायचात?"

"एक मेलेली डिस्क मागे ठेवायचो. ती फोडायचो."

"तीच?"

"तिचा चुरा होईपर्यंत. मग दुसरी."

"आणि जिवंत त्या टोपीवाल्याला."

जावईबापू एकदम बोलू लागले, आणि बोलू लागल्यावर त्यांना धीर आला. "आई, रागावण्याआधी बघा तरी. ती बाई रडत आली का? हसत आली. तुम्ही फोडली असती तर आज तिचं घर बसलं असतं. मी काय स्वतःच्या खिशात घातलं? सगळं गल्ल्यात टाकलं. भाडं कशातून गेलं? तुमची औषधं कशातून आली? माल येत नाही, जो येतो त्यात विकण्यासारखं एवढंच असतं, आणि ते आपण आपल्या हातानं चेचायचं. अशी सोनं फोडणारी माणसं जगात दुसरी दाखवा मला."

तो म्हणतो त्यातलं अर्धं खरं होतं. अर्ध्या खऱ्याशी भांडणं पूर्ण खोट्याशी भांडण्यापेक्षा जड जातं. ती मागच्या अंगाकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

लेक तारेकडेच बघत होती. "मी विचारलं नाही."

"का?"

"उत्तर माहीत होतं म्हणून."

आत्या जावयाकडे वळली. "लावा त्या टोपीवाल्याला फोन. मोठ्यानं ऐकू येईल असा लावा."

टोपीवाल्याचा आवाज फोनमधूनही टोपी घातल्यासारखाच येत होता.

"त्या सगळ्या डिस्क परत पाहिजेत," आत्या म्हणाली. "तू म्हणशील तो भाव."

"आत्या, पोत्यातला दाणा कुणाच्या ताटात गेला, मी कसं सांगू? चार गावांना माल गेला. तिथून पुढे कुठं गेला, ते माझ्या बापाला ठाऊक नाही."

"पुसल्या होत्यास?"

"एक पुसायला अख्खी दुपार जाते, आत्या. गिऱ्हाईक पिशवी घेऊन दारात उभं. पुसत कोण बसतंय."

आत्याने फोन जावईबापूंच्या हातात दिला आणि ती खुर्चीत मागे टेकली. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. शिव्या तर तिच्याकडे इतक्या होत्या की वर्षभर कुणाकडून उसन्या आणाव्या लागल्या नसत्या. पण आज एकही वर येईना. तिला वाटलं, आत्ता आपण ओरडलो तर ओरडून झाल्यावर काय? डिस्क येणार नाहीत. औषधं पोटातून बाहेर निघणार नाहीत. जावई उद्या तोंड पाडून बसेल, लेक दोघांच्या मध्ये चेपेल. आणि ती बाई खरंच हसत गेली होती. म्हातारपणी माणूस न्यायापेक्षा स्वस्थतेला भुलतो. "उद्यापासून हातोडा माझ्याकडे," एवढंच ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

जावईबापूंना वाटलं, निभावलं. संध्याकाळी त्यांनी आडोसा स्वतःच्या हाताने काढला आणि काढताना शीळही घातली.

पण बाईच्या जातीला आनंद पोटात राहत नाही, आणि भरतकामवालीला तर तो पदरातही मावत नव्हता. तिने बोलल्याप्रमाणे सगळ्या गल्लीत सांगितलं. आणि दोन-तीन दिवसांनी, दुपारी, दवाखाना बंद असायच्या वेळी, डॉक्टरीणबाई स्वतः चालत दुकानात आल्या.

या बायकांच्या डॉक्टरीण. गल्लीतलीच नव्हे, आसपासच्या दहा गल्ल्यांतली बाई यांच्याकडे जायची. डिस्क द्यायची नसताना त्या आज पहिल्यांदाच दुकानात आल्या, आणि आत्याने खुर्ची रिकामी केली तरी बसल्या नाहीत.

"भरतकामवाली आली होती तपासायला," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता. "फार खूश होती. म्हणाली, आत्या डिस्क फोडत नाहीत, जपून ठेवतात."

आत्याने हातोडा खाली ठेवला.

"मी दोन दिल्या होत्या. दवाखान्याच्या. मी इथंच उभी होते, आत्या. आवाज ऐकला मी."

"आवाज खरा होता," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हातातल्या पर्सचा पट्टा दोन्ही मुठींत धरला. "माझ्याकडे पोरी येतात. कुणी आईला न सांगता येते, कुणी नवऱ्याला. टेबलावर झोपायच्या आधी विचारतात, बाई, हे कुणाला कळणार नाही ना? मी सांगते, इथलं इथंच राहतं. इतकी वर्षं मी हे कुणाच्या जिवावर सांगत होते, ठाऊक आहे तुम्हाला? तुमच्या."

तेवढ्यात जावईबापू पुढे झाले. हात पुसत, हसून, अगदी पोटच्या मुलासारखे. "मॅडम, तुम्ही उगाच काळजी करताय. तुमच्या फोडल्या मी. या हातांनी फोडल्या. त्या बाईची तेवढी चुकून राहिली होती."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघता बघता सैल झाला. मुठी सुटल्या. त्यांनी आत्याकडे बघितलं, नुसती मान हलवली की झालं, अशा नजरेने.

आत्याला ती नजर ओळखीची होती. फोडलेली चकती हातात घेतल्यावर गिऱ्हाइकाच्या तोंडावर हेच यायचं. याच्यासाठीच तर ती कमी भाव देऊनही वर्षानुवर्षं उभी होती. आता ते फुकट देता येत होतं. मान हलवायची, बास. बाई निर्धास्त घरी जातील. दुकान राहील. नाव राहील. गल्लीत कुणाला कळायचं कारण नाही. जावई तिच्याकडे बघत होता, लेक तिच्याकडे बघत होती, आणि तिच्या मानेला तर काही हलवायचे कष्टही नव्हते. म्हातारपणाने ती आपोआपच जरा हलायची.

आत्याने हाताने हनुवटी धरली, मान हलू नये म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "त्याही गेल्या. पुसल्या नव्हत्या. कुठं गेल्या ते सांगता येत नाही."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पर्स खांद्याला लावली.

"म्हणजे मला आता एकेकीला बोलावून सांगावं लागेल," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.

"काय केलंत हे, आई," जावईबापू म्हणाले. "विश्वास बसला होता त्यांचा. कुणाचं काय बिघडणार होतं?"

तेव्हा मागच्या अंगाला लेक उठून उभी राहिली. पक्कड तिच्या हातातच होती.

"माझंही आहे त्यात," ती म्हणाली.

"तुझं काय?"

"जे तुम्हाला सांगितलं नाही, ते."

जावईबापू बायकोच्या दिशेने एक पाऊल पुढे गेले. आत्या मध्ये आली. आली म्हणजे काय, खुर्चीचा हात धरून उठली आणि उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. दिवसभराचं काम संपवून भांडी पालथी घालताना बाई जशी बोलते, तशी ती बोलली.

"तिला काही विचारायचं नाही, जावईबापू. विचारायचा हक्क तुम्ही टोपीवाल्याला वजनावर विकलात. तिच्या मनात आलं तर ती सांगेल, नाही आलं तर जन्मभर गप्प राहील, आणि तुम्ही तिच्या हातचं मुकाट जेवाल. तुम्हाला चोर म्हणावं, तर चोराला निदान कळतं आपण काय उचललं. तुम्हाला तेही कळलं नाही. बायकोचं गुपित पोत्यात भरलंत आणि वर शीळ घातलीत. मी तुम्हाला घराबाहेर काढीन असं वाटलं असेल, तर ते विसरा. बाहेर काढलेला माणूस सुटतो, त्याला गल्लीत तोंड दाखवावं लागत नाही. तुम्ही इथंच राहायचं. उद्या सकाळी दुकान उघडायचं नाही. तुमचा तो पत्रा उभा राहिल्यापासून ज्यांनी ज्यांनी डिस्क दिली, ती सगळी माणसं माझ्या ध्यानात आहेत. एकेकाच्या दारात आपण दोघं जायचं. बोलायचं तुम्ही. 'तुमची डिस्क फोडली नाही, विकली, आणि ती आता परत येत नाही.' एवढंच. भाव चढला होता, हे सांगायचं नाही. भाव काही त्या बिचाऱ्यांनी चढवला नव्हता. औषधांचं तर नावच काढायचं नाही, ती मी गिळली, त्याचं मी बघेन. कुणी शिव्या देईल, त्या ऐकायच्या. कुणी कानाखाली ठेवून देईल, तर दुसरा कान माझा, मी शेजारीच उभी असेन. पुन्हा कुणी आपल्या दुकानाची पायरी चढलं नाही, तर नाही चढलं. आता हात धुवा आणि जेवायला बसा. उपाशी पोटी माणसाला खरं बोलवत नाही."